इटालियन टोमॅटो सॉस घरच्या घरी : योग्य फळ, मोजून आम्ल, सुरक्षित साठवण

टोमॅटोचे दर पडले की ‘प्रक्रिया करा’ हा सल्ला हमखास मिळतो. मात्र प्रक्रिया कोणत्या फळाची करावी, किती मालाची करावी आणि तयार झालेला पदार्थ टिकेल का, हे फारसे सांगितले जात नाही. इटालियन पद्धतीचा साधा टोमॅटो सॉस हे समजून घेण्यासाठी चांगले उदाहरण आहे. त्यात साखर, व्हिनेगर किंवा रासायनिक परिरक्षक नसते. टोमॅटो, मीठ, थोडे तेल आणि एखादे सुगंधी पान एवढेच साहित्य लागते. त्यामुळे फळात काही उणीव असेल तर ती झाकायला या सॉसमध्ये काहीच नसते.

घरी खाण्यासाठी ताजा सॉस, वर्षभरासाठी बाटलीत भरलेला सॉस, त्यामागील शास्त्र आणि खर्चाचा हिशोब यांची माहिती या लेखात दिली आहे. बाटलीत साठवण करणाऱ्यांनी आम्लतेविषयीचा भाग आवर्जून वाचावा. तेथे झालेली चूक चवीवर नव्हे, जिवावर बेतू शकते.

आपला सॉस आणि इटलीचा सॉस

आपल्याकडे ‘टोमॅटो सॉस’ म्हटले की वडापाव किंवा सामोशाबरोबर मिळणारा गोड-आंबट, घट्ट पदार्थ डोळ्यांसमोर येतो. तो केचपच्या जातीचा पदार्थ आहे. साखर, व्हिनेगर, मसाला आणि परिरक्षक यांच्या जोरावर तो टिकतो. इटलीतील सॉस तोंडी लावण्यासाठी नसतो. पास्ता, पिझ्झा किंवा भाजीचा पाया म्हणून तो वापरतात. आपल्या स्वयंपाकात त्याची जागा टोमॅटोच्या साराच्या किंवा रश्शासाठी शिजवलेल्या टोमॅटोच्या जवळ येते.

टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. इटलीत टोमॅटो सॉसची छापील कृती प्रथम आढळते ती अंतोनियो लातिनी यांच्या १६९२-९४ मध्ये नेपल्स येथे प्रसिद्ध झालेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथात. या कृतीला त्यांनी ‘स्पॅनिश पद्धतीचा सॉस’ म्हटले आहे. शेवयांसारख्या पास्त्यावर टोमॅटो घालण्याची कृती १८३९ मध्ये इप्पोलितो काव्हालकांती यांच्या पुस्तकात येते. म्हणजे इटलीची ओळख बनलेला हा पदार्थ तसा फार जुना नाही.

इटलीतील गावांमध्ये सॉस कसा करतात?

दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये टोमॅटो पूर्ण पिकतो. त्या दिवसांत घरातील सारी माणसे एकत्र जमून वर्षाचा सॉस भरून ठेवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड, कुरडया आणि लोणची होतात, तसाच हा प्रकार. टोमॅटो धुऊन थोडे शिजवतात, यंत्रातून काढून साल व बी वेगळे करतात आणि रस बाटल्यांत भरतात. या गाळलेल्या रसाला ‘पसाता’ म्हणतात. अनेक घरी बिअरच्या रिकाम्या बाटल्या वापरून त्यांना क्राउन कॅप बसवतात. बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये कापड किंवा गोणपाट घालून त्या मोठ्या पिंपात रचतात, पाण्यात उकळतात आणि त्याच पाण्यात रात्रभर थंड होऊ देतात.

इटलीतून येथे शिकण्यासारखी खरी गोष्ट शेतात आहे. तेथे सॉससाठीचा टोमॅटो हे वेगळे पीक समजले जाते. उत्तरेत पार्मा व पियाचेंझा आणि दक्षिणेत फोज्जा हे भाग प्रक्रियेच्या टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहेत. शेतकऱ्यांच्या उत्पादक संघटना आणि कारखाने हंगामापूर्वी दराची बोलणी करतात. बहुतेक माल एकदम पिकणाऱ्या, बुटक्या वाणांचा असतो व त्याची काढणी यंत्राने होते. नेपल्सजवळील सारनो नदीच्या खोऱ्यातील ‘सान मार्झानो’ हा वाण याला अपवाद. त्याच्या वेली आधार देऊन वाढवतात आणि फळे हाताने, अनेक तोड्यांत काढतात. आपल्या तार-काठीच्या टोमॅटोसारखेच हे काम आहे. या टोमॅटोला १९९६ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. थोडक्यात, इटलीचा सॉस बाजारात न खपलेल्या मालातून उभा राहिलेला नाही. तो सॉससाठीच लावलेल्या पिकातून उभा राहिला आहे.

सॉससाठी फळ कसे असावे?

टोमॅटोत साधारण ९४ ते ९५ टक्के पाणी असते. सॉस करणे म्हणजे त्यातील काही पाणी उडवणे. फळात पाणी जितके कमी आणि गर जितका जास्त, तितका सॉस कमी वेळात, कमी इंधनात आणि ताज्या चवीचा होतो.

• फळाचा काप : फळ आडवे कापून कप्पे पाहावेत. सान मार्झानो किंवा रोमा प्रकारच्या लांबट फळात दोन-तीन कप्पे, जाड भिंत आणि कमी बी असते. गोल, मोठ्या फळात पाच-सहा कप्पे आणि भोवती पातळ, बुळबुळीत रस असतो. पहिला प्रकार सॉससाठी उत्तम. दुसऱ्यापासूनही सॉस होतो, परंतु उतारा कमी मिळतो.

• वाण : बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का आशिष आणि अर्का आहुती हे वाण प्रक्रियेसाठी विकसित केलेले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग्यश्री हा वाण लाल रंगद्रव्य म्हणजे लायकोपीन जास्त असल्याने प्रक्रियेसाठी उपयुक्त मानला जातो. लांबच्या वाहतुकीसाठी निवडलेले अनेक संकरित वाण टणक व जाड सालीचे असतात. टणकपणा म्हणजे गोडी किंवा गर नव्हे, हे लक्षात ठेवावे.

• ब्रिक्स : रसातील विद्राव्य घटक ब्रिक्समध्ये मोजतात. नाशिक, सांगली, सोलापूर भागातील द्राक्ष बागायतदारांकडे रिफ्रॅक्टोमीटर असतोच. त्यावर टोमॅटोच्या रसाचा एक थेंब ठेवून पाहावा. चारच्या आसपास आकडा आला तर रस पाणचट आहे. पाच किंवा त्याहून अधिक आला तर सॉससाठी फळ चांगले.

• रंग : तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास लायकोपीन नीट तयार होत नाही. उन्हाळ्यातील फळे पिवळट-नारंगी राहतात ती यामुळे. अशा फळांचा सॉस कितीही आटवला तरी गडद लाल होत नाही. रंगासाठी हिवाळ्यात पिकणारा माल चांगला.

• पक्वता : बाजारासाठी फळ रंग धरू लागताच तोडतात. सॉससाठी ते पूर्ण लाल, पण घट्ट असताना घ्यावे. अर्धवट पिकलेली फळे सावलीत, एका थरात पसरून पिकवावीत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, तेथे चव व रंग दोन्ही कमी होतात.

• काय वापरू नये : सडलेली, बुरशी लागलेली, फुटून आंबूस वास येणारी, टोकाला काळी पडलेली किंवा वाळलेल्या झाडावरची फळे. ‘सडका भाग कापून बाकीचे सॉसला’ ही सवय सोडावी. बुरशी फळातील आम्ल वापरते आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेली आम्लता कमी होते.

• फवारणी : वापरलेल्या कीडनाशकाच्या लेबलवर दिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला असावा. घरच्या सॉसलाही हा नियम तितकाच लागू आहे. आटवताना पाणी उडते, सगळे अवशेष उडत नाहीत.

सॉसवर पाणी का सुटते?

घट्ट दिसणारा सॉस ताटात वाढल्यावर कडेने पिवळसर पाणी सुटते, ही नेहमीची तक्रार. याचे कारण पेक्टिन. गराला दाटपणा देणारा हा घटक आहे. फळ कापले किंवा ठेचले की त्यातील विकरे मोकळी होतात आणि पेक्टिन तोडू लागतात. चिरलेले टोमॅटो तासभर तसेच ठेवले तर सॉस पातळ होणार हे तेव्हाच ठरते. ही विकरे उष्णतेने निकामी होतात. म्हणून कारखान्यात ठेचलेला टोमॅटो लगेच ८५ ते ९५ अंशांपर्यंत तापवतात.

घरी यासाठी सोपी युक्ती आहे. सगळे टोमॅटो आधी चिरून ठेवू नयेत. पातेले तापवून त्यात प्रथम अर्धा किलो टोमॅटो चिरून टाकावेत, ते चेचून मोठ्या आचेवर उकळी आणावी. मग उकळी मोडणार नाही अशा बेताने बाकीचे टोमॅटो चिरत चिरत थोडे थोडे घालावेत. प्रत्येक फोड लगेच गरम होते आणि पेक्टिन टिकून राहते.

ताजा सॉस : चार माणसांसाठी

साहित्य : पूर्ण पिकलेले टोमॅटो १ किलो, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, लसूण २ पाकळ्या, मीठ १ चहाचा चमचा, बेसिलची ६ ते ८ पाने.

बेसिल ही आपली तुळस नव्हे. फालुद्यात घालतो तो सब्जा ज्या वनस्पतीचे बी आहे, त्याच प्रजातीचे हे सुगंधी प्रकार आहेत. बेसिल मिळाले नाही तर वगळावे. पूजेची तुळस घातल्यास लवंगेसारखा उग्र स्वाद येतो. ऑलिव्ह तेलाऐवजी सूर्यफुलाचे तेल चालते, पण ऑलिव्हचा स्वाद मिळणार नाही.

कृती :
१. टोमॅटोच्या तळाला सुरीने फुली मारावी. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकावेत. साल सहज निघते.
२. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तेल कोमट करून ठेचलेल्या लसणाच्या अख्ख्या पाकळ्या घालाव्यात. लसूण फिकट सोनेरी होताच पुढे जावे. तो करपला की सॉस कडू होतो.
३. टोमॅटो लगेच चिरून घालावेत. मीठ टाकावे. झाकण न ठेवता मध्यम आचेवर २५ ते ३० मिनिटे शिजवावेत. शेवटी कालथ्याने वारंवार हलवावे.
४. कालथा फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला आणि तेल कडेने सुटले की सॉस तयार झाला. लसूण काढून टाकावा. गॅस बंद करून बेसिलची पाने हाताने तोडून घालावीत.

हा सॉस ४०० ग्रॅम पास्त्याला पुरतो. लोखंडी, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण आम्लामुळे धातू उतरतो. फार आंबट वाटल्यास चिमूटभर साखर चालेल. तेल घातल्यामुळे लायकोपीन शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

महत्त्वाचे : लसूण, कांदा आणि तेल घातलेला हा सॉस बाटलीत भरून बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. जास्त दिवस हवा असल्यास गार करून डब्यांत भरावा व डीप फ्रीजरमध्ये ठेवावा.

साठवणीचा साधा सॉस : १० किलो टोमॅटोसाठी

वर्षभर ठेवायच्या सॉसमध्ये फक्त टोमॅटो, आम्ल आणि हवे असल्यास मीठ असावे. फोडणी, लसूण, कांदा, तेल हे बाटली उघडल्यावर, वापरताना घालावे.

साहित्य व साधने : टोमॅटो १० किलो, सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व, मोजायचे चमचे, मोठे स्टीलचे पातेले, पुरणयंत्र, काचेच्या बरण्या व नवी झाकणे, बरण्या बुडतील एवढे खोल भांडे.

इटलीतील घरांत रस गाळण्यासाठी जे हाताचे यंत्र वापरतात, ते आपल्या पुरणयंत्राचेच भावंड आहे. बारीक भोकांची जाळी लावावी. बी खाली उतरत असेल तर रस पुन्हा पिठाच्या नव्हे, रव्याच्या चाळणीसारख्या स्टीलच्या गाळणीतून काढावा. मिक्सर टाळावा. बी भरडले की सॉसला कडवटपणा येतो आणि हवा मिसळून रंग फिका पडतो.

कृती :
१. फळे वाहत्या पाण्यात दोनदा धुवावीत. देठ व देठाखालचा कठीण भाग काढावा.
२. वर सांगितल्याप्रमाणे थोडे थोडे चिरून उकळत्या पातेल्यात घालावेत. सर्व टोमॅटो घातल्यावर पाच मिनिटे उकळावेत.
३. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावेत. उरलेली साल व बी कंपोस्टमध्ये टाकावी.
४. रस पुन्हा पातेल्यात घेऊन आटवावा. पातळ सॉससाठी रसाची पातळी एक तृतीयांशाने, घट्ट सॉससाठी निम्म्याने खाली यावी. सुरुवातीला स्वच्छ काठीवर पातळीची खूण करून ठेवली की अंदाज चुकत नाही. घट्ट होऊ लागल्यावर आच कमी करून सतत ढवळावे, अन्यथा तळाला लागतो.
५. बरण्या साबणाने धुऊन गरम पाण्यात ठेवाव्यात. प्रत्येक गरम बरणीत आधी मोजून आम्ल घालावे, मग उकळता सॉस भरावा. वर अर्धा ते एक सेंटिमीटर जागा सोडावी. तोंड स्वच्छ पुसून झाकण लावावे.
६. खोल भांड्याच्या तळाशी कापड घालून बरण्या उभ्या ठेवाव्यात. झाकणावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी असावे. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून वेळ मोजावी.

आम्लाचे प्रमाण :
• साधारण ४५० मिलीची बरणी : लिंबूसत्त्व पाव चहाचा चमचा (५ मिली मापाच्या चमच्याचा चौथा भाग) किंवा बाटलीबंद लिंबूरस १ मोठा चमचा (१५ मिली).
• साधारण ९०० मिलीची बरणी : वरील प्रमाण दुप्पट.

उकळण्याचा वेळ :
• समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंत (कोकण, गोवा किनारा) : लहान बरणी ३५ मिनिटे, मोठी ४० मिनिटे.
• ३०० ते ९०० मीटर (नाशिक, पुणे) : लहान ४० मिनिटे, मोठी ४५ मिनिटे.
• ९०० ते १८०० मीटर (महाबळेश्वर) : लहान ४५ मिनिटे, मोठी ५० मिनिटे.

आम्ल व वेळेची ही प्रमाणे अमेरिकेच्या कृषी विभागाच्या घरगुती साठवणीच्या मार्गदर्शनानुसार आहेत. उंचीनुसार वेळ बदलते, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. नाशिकला ते सुमारे ९८ अंशांवर उकळते. उकळी दिसली तरी उष्णता कमी असते, म्हणून पाच मिनिटे जास्त द्यावी लागतात.

बरण्या बाहेर काढून कापडावर, एकमेकींपासून अंतर ठेवून २४ तास हलवू नयेत. थंड झाल्यावर झाकणाचा मध्य किंचित आत खेचलेला दिसावा. ज्याचे झाकण दाबल्यावर खाली-वर होते, ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून लगेच वापरावी. बाकीच्या बरण्यांवर तारीख लिहून थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात आणि वर्षाच्या आत संपवाव्यात.

आम्ल का मोजायचे?

मातीत सर्वत्र आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. हवाबंद बाटलीत, आम्लता कमी असेल तर ते रुजतात आणि अत्यंत घातक विष तयार करतात. त्यातून होणाऱ्या आजाराला बोट्युलिझम म्हणतात. दृष्टी धूसर होणे, पापण्या जड होणे, गिळता व बोलता न येणे, मग श्वासाचे स्नायू लुळे पडणे अशी त्याची लक्षणे आहेत. इटलीतही या आजाराच्या घटना घडतात आणि त्यांत घरी साठवलेल्या पदार्थांचा वाटा मोठा असतो. परंपरा जुनी आहे म्हणून धोका टळत नाही.

सामू ४.६ पेक्षा कमी असेल तर हा जिवाणू वाढू शकत नाही. अडचण अशी, की टोमॅटोचा सामू नेमका याच सीमेवर असतो. काही फळे ४.१ ची, तर काही ४.६ च्या वर जाणारी. वाण, हवामान आणि पक्वतेनुसार तो बदलतो आणि जास्त पिकलेल्या फळात तो वाढतो. जिभेला आंबट लागणे हा पुरावा नाही, कारण चव साखर आणि आम्ल यांच्या मेळातून ठरते. त्यामुळे साखर घालून आंबटपणा कमी वाटला तरी सामू बदलत नाही. उलट, चव बिघडेल म्हणून आम्ल कमी केले तर सुरक्षितताच जाते. चव सुधारायची असल्यास साखर घालावी, आम्ल कमी करू नये.

ताज्या लिंबाच्या रसाची आम्लता फळागणिक बदलते. म्हणून मोजमापासाठी लिंबूसत्त्व किंवा बाटलीबंद रस वापरावा. फुगलेले झाकण, फसफसणे, विचित्र वास दिसल्यास बरणी टाकून द्यावी. ‘बघू जरा’ म्हणून चव घेऊ नये. हे विष कधीकधी वास, रंग यांत कोणताही बदल न करता असू शकते, म्हणून प्रमाण पाळणे हाच खरा उपाय आहे.

उतारा आणि खर्चाचा हिशोब

बाजारातील साध्या टोमॅटोपासून १० किलोला साधारण ४ लिटर पातळ किंवा ३ लिटरच्या आसपास घट्ट सॉस मिळतो. फळाच्या दर्जाने किती फरक पडतो, हे ब्रिक्सवरून काढता येते.

सूत्र : तयार सॉसचे वजन = रसाचे वजन × रसाचा ब्रिक्स ÷ हवा असलेला ब्रिक्स

समजा गाळून ८ किलो रस मिळाला आणि ८ ब्रिक्सचा सॉस हवा आहे.
• रस ४ ब्रिक्सचा असेल तर सॉस ४ किलो. उडवायचे पाणी ४ किलो.
• रस ५.५ ब्रिक्सचा असेल तर सॉस साडेपाच किलो. उडवायचे पाणी अडीच किलो.

घरगुती शेगडीवर एक किलो पाणी उडवायला साधारण ८० ते १०० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे पाणचट फळात सॉस दीड किलो कमी मिळतो आणि गॅसही दीडपटीहून अधिक जळतो. वाणाची निवड स्वयंपाकघरात जाणवते ती अशी.

आता मोठा हिशोब. ४५० मिलीच्या एका बरणीला सव्वा ते दीड किलो टोमॅटो लागतात. समजा दर किलोला ५ रुपये आहे, तर बरणीतला टोमॅटो सहा-सात रुपयांचा. त्यावर बरणी, झाकण, गॅस, लेबल आणि दिवसभराची मजुरी. या धंद्यात टोमॅटो हा सर्वांत स्वस्त घटक असतो. दर पडल्याने सॉस फारसा स्वस्त होत नाही आणि बरणी विकली गेली नाही तर नुकसान टोमॅटोपेक्षा मोठे होते.

मालाचे प्रमाणही पाहावे. घरातील चार माणसे दिवसभर राबून ५० किलो, म्हणजे अडीच कॅरेट टोमॅटोचा सॉस करू शकतील. एकरी २० टन उत्पादन धरले तर २० किलोचे एक हजार कॅरेट होतात. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारात दर कोसळल्यावर रस्त्याकडेला ओतला जाणारा माल घरच्या पातेल्यात मावणारा नाही. हे शेतकऱ्याला आधीच स्पष्ट सांगणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम आहे. घरगुती सॉस मंदीवरचा उपाय नाही. घरची वर्षाची गरज भागवणे, फळाचा दर्जा ओळखायला शिकणे आणि पुढे गटाने लहान उद्योग करावा का हे कमी खर्चात तपासणे, यासाठी तो उपयोगी आहे.

विक्री करायची असल्यास

• अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घेतल्याशिवाय विक्री करू नये. सॉस, प्युरी, केचप या प्रत्येक नावासाठी ठरलेले मानक असते. लेबलवर कोणते नाव टाकता येईल ते आधी विचारून घ्यावे.
• प्रत्येक घाण्याचा सामू प्रमाणित केलेल्या डिजिटल मीटरने मोजून वहीत नोंदवावा. तो ४.२ किंवा त्याहून कमी ठेवणे चांगले. कागदी पट्टीवर विसंबू नये.
• पहिल्या काही घाण्यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.
• आधी ग्राहक शोधावा, मग बरण्या. पिझ्झा-पास्ता करणारी हॉटेले, केटरर यांना ब्रिक्स व चव एकसारखी लागते. दोन वेगळ्या वाणांचा माल एका घाण्यात मिसळू नये.
• गटाने करायचे ठरल्यास प्रक्रियेच्या वाणाची लहान प्रमाणावर, वेगळी लागवड करावी. बाजारातून परत आलेल्या मालावर उद्योग उभा करू नये.

नेहमी होणाऱ्या चुका

• सॉसवर पाणी सुटते : टोमॅटो चिरून जास्त वेळ ठेवले. चिरताच उकळत्या पातेल्यात घालावेत.
• रंग तपकिरी होतो : फार वेळ आटवला किंवा तळाला लागला. पसरट पातेले वापरावे, म्हणजे पाणी लवकर उडते.
• चव कडवट लागते : बी भरडले गेले किंवा लसूण करपला.
• बरणी तडकते : थंड बरणीत उकळता सॉस भरला. बरणी आधी गरम करावी.
• झाकण धरत नाही : जुने झाकण वापरले किंवा बरणीच्या तोंडाला सॉस लागला होता.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी एका कॅरेटवर भर न देता ५ किलोपासून सुरुवात करावी. दोन वेगळ्या वाणांचे, एकाच दिवशी तोडलेले ५-५ किलो टोमॅटो घ्यावेत, ब्रिक्स मोजावा, सॉस वेगवेगळा करावा आणि वजन, वेळ व गॅस लिहून ठेवावा. कोणता वाण सॉससाठी लावावा, याचे उत्तर त्या वहीतूनच मिळेल.